कायम तपासावर

मी रोज रात्री भांडी घासताना खून ऐकते. पॉडकास्ट म्हणतेय. एका कानात इअरफोन, हातात घासणी, आणि कुणीतरी अमेरिकन बाई अतिशय शांत आवाजात सांगत असते की त्या रात्री शेजारचा कुत्रा भुंकला नव्हता. चार वर्षं झाली या सवयीला. त्यातही मला न सुटलेल्या केसेस आवडतात. सुटलेली केस ऐकून झाली की विसरायला होते. न सुटलेली दिवा घालवल्यावरही डोक्यात चालू राहते. मग गूगल मॅपवर ती गल्ली बघायची, लोकांच्या थिअरी वाचायच्या आणि 'नवऱ्यानेच केलं असणार' असं ठरवून झोपायचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच चालत असणार, म्हणून फार लाजत नाही.

माझा ऑफिसचा रस्ता ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून जातो. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी तिथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मी तेव्हा शाळेत होते. जवळजवळ अकरा वर्षांनी, १० मे २०२४ ला, पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. गोळ्या कुणी झाडल्या ते कोर्टाने सांगितलं. झाडायला कुणी सांगितलं, ते अजून कळायचंय. त्या पुलावरून जाताना माझ्या कानात मात्र कॅलिफोर्नियाची केस चालू असते. असं का, याचा मी एकदा विचार केला होता. लांबच्या खुनात माझ्याकडे कुणी काही मागत नाही, हेच कारण असावं.

मागच्या पावसाळ्यात एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर आम्ही सहा-सात जण बसलो होतो. लाइट गेलेले. प्रत्येकाने एकेक केस सांगायची असं ठरलं. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "आमच्या घरातच एक आहे."

ती अशी. माझ्या आज्जीचा, म्हणजे आईच्या आईचा, धाकटा भाऊ. माझे मामाआजोबा. सातारा जिल्ह्यातल्या गावातून मुंबईला गेलेले, एका गिरणीत बदली कामगार. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि इतरांसारखे हेही गावी परतले. सहा-सात महिने शेतात राबले. गणपती झाल्यावर 'संप मिटतोय म्हणतात' असं सांगून पुन्हा मुंबईला गेले. गावकऱ्यांच्या खोलीत उतरले, ट्रंक ठेवली, आणि चौथ्या दिवशी सकाळी बाहेर पडले ते आलेच नाहीत. वय सत्तावीस. थोरला भाऊ मुंबईला जाऊन आला. पोलीस ठाण्यात नोंद झाली, पुढे काही झालं नाही. ट्रंक तेवढी एसटीच्या टपावरून गावात आली. तिच्यात दोन सदरे, वस्तरा आणि गिरणीचा पास.

सांगताना मी वस्तऱ्याशी जरा जास्त वेळ थांबले. त्या सकाळी पाऊसही पाडला. पाऊस होता की नव्हता, मला काही माहीत नाही. मामीआजीबद्दल मी एकच वाक्य बोलले: "त्यांची बायको अजून गावात असते." सगळे गप्प झाले आणि मग एकजण म्हणाला, "भारी आहे हे. सहा एपिसोड सहज होतील." मला फार बरं वाटलं. घरी येऊन मी फोनमध्ये एक फोल्डर केला.

त्या दिवसांत मी सॉमर्टनच्या माणसात बुडालेले होते, आणि आमच्या घरातली गोष्टही तशीच वाढेल अशी मला आशा होती.

ज्यांना ही केस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ डिसेंबर १९४८. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराजवळचा सॉमर्टन किनारा. सकाळी साडेसहाच्या सुमारास समुद्राच्या बाजूच्या भिंतीला टेकलेला एका पुरुषाचा मृतदेह सापडला. वय चाळिशीतलं, कपडे नीटनेटके. पाकीट नाही. कपड्यांवरची लेबलं काढून टाकलेली. खिशात रेल्वेचं न वापरलेलं तिकीट, बसचं तिकीट, कंगवा, च्युइंग गम, काडेपेटी, आणि एका कंपनीच्या पाकिटात दुसऱ्याच कंपनीच्या सिगारेटी. विषाचा संशय होता, पण तपासणीत विष सापडलं नाही. पुढे पँटच्या एका छोट्या आतल्या खिशात कागदाची सुरळी मिळाली. तिच्यावर दोन छापील शब्द: तमाम शुद. फारसी. म्हणजे 'संपलं'. आपण 'काम तमाम' म्हणतो त्यातलं तमाम. तो तुकडा उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी भाषांतराच्या शेवटच्या पानावरून फाडलेला होता. माधव ज्यूलियनांनी मराठीत आणल्या त्याच रुबाया. मग ते पुस्तकही सापडलं. त्यावर कुणालाच न उलगडणाऱ्या अक्षरांच्या काही ओळी होत्या आणि एक फोन नंबर. नंबर जवळच राहणाऱ्या एका नर्सचा. ती म्हणाली, मी या माणसाला ओळखत नाही.

एवढं पुरलं. शीतयुद्धाची सुरुवात होती, त्यामुळे तो रशियाचा हेर ठरला. ती अक्षरं सांकेतिक भाषा ठरली. रेल्वे स्टेशनवर एक बेवारस सूटकेस मिळाली, तिच्यातल्या टायवर 'टी. कीन' असं नाव होतं, ते हेराचं टोपणनाव ठरलं. आणि ती नर्स त्याची प्रेयसी ठरली. तिने पोलिसांना विनंती केली होती की माझं नाव यात येऊ देऊ नका. त्यांनी ते पाळलंही. पुढे हौशी लोकांनी ते शोधून काढलंच. तिच्या मुलाचे कान आणि दात मृतासारखे दिसतात म्हणून तो मुलगा त्या अनोळखी माणसाचा, असंही ठरलं. एका बाईचं चारित्र्य आणि एका मुलाचा बाप, कानांच्या फोटोवरून. ती नर्स २००७ मध्ये गेली. तिचं नाव तुम्हाला दोन मिनिटांत मिळेल. मी लिहीत नाही, कारण तिने नको म्हणून सांगितलं होतं आणि ती गेली म्हणून ती विनंती रद्द झाली असं मला वाटत नाही.

जुलै २०२२ मध्ये ॲडलेड विद्यापीठातले प्राध्यापक डेरेक ॲबट आणि अमेरिकेतल्या वंशशोधक कोलीन फिट्झपॅट्रिक यांनी जाहीर केलं की तो माणूस कार्ल वेब असावा. दफन करण्याआधी पोलिसांनी मृताच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला होता. त्यात अडकलेल्या केसांतून डीएनए काढून, हजारो नातेवाइकांचा वंशवृक्ष मांडून ते तिथवर पोचले. पोलिसांनी आदल्याच वर्षी कबर उकरली होती, पण त्यांनी या निष्कर्षावर लगेच शिक्कामोर्तब केलं नाही. तरी ॲबट यांची मांडणी मला पटते. वेब मेलबर्नचा, १९०५ चा जन्म, विजेची उपकरणं बनवणारा. टायवरचं 'कीन' हे त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचं आडनाव निघालं. म्हणजे बहुधा दाजींचे जुने कपडे. नर्सच्या मुलाशी त्याच्या डीएनएचा काही संबंध निघाला नाही.

१९४७ मध्ये तो बायकोला सोडून निघून गेला होता. तो कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. १९५१ मध्ये तिने, नवरा सोडून गेला म्हणून, घटस्फोटासाठी कोर्टात अर्ज केला. तो तेव्हा दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ॲडलेडच्या दफनभूमीत होता, 'अनोळखी माणूस' असं कोरलेल्या दगडाखाली.

ही बातमी कळल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया काय होती, ते सांगते. माझा विरस झाला. चौऱ्याहत्तर वर्षांनी एका माणसाला त्याचं नाव परत मिळालं आणि मी खट्टू झाले, कारण नाव साधं होतं. मला हेर हवा होता. बायकोला सोडून गेलेला, दाजींचा टाय घालणारा माणूस मला नको होता. तसे तर आमच्या तालुक्यातही असतात.

याच्या अगदी उलटी एक केस आहे, आणि ती मी एकदाच ऐकली, परत ऐकवली नाही. फेब्रुवारी १९५७, फिलाडेल्फिया. शहराच्या कडेच्या झाडीत पुठ्ठ्याच्या खोक्यात चार वर्षांच्या मुलाचं शव सापडलं. खोकं बाळाच्या पाळण्याचं. अंगावर मारहाणीच्या खुणा, केस नुकतेच कापलेले. पोलिसांनी त्याच्या चेहऱ्याची चार लाख पत्रकं छापली. ती गॅसच्या बिलांबरोबर घरोघर गेली. कुणीही म्हणालं नाही की हा आमचा. शवचिकित्सा कार्यालयातला रेमिंग्टन ब्रिस्टो नावाचा एक तपासनीस १९९३ मध्ये मरेपर्यंत, छत्तीस वर्षं, या मुलाचं नाव शोधत राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये ते मिळालं: जोसेफ ऑगस्टस झरेली. पुढच्या महिन्यात, त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी, दगडावर ते कोरलं गेलं. खून कुणी केला ते मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. पोलीस म्हणाले, आमचा संशय आहे, पण आत्ता बोलणं बेजबाबदारपणाचं होईल. त्याची भावंडं हयात आहेत.

हे दोन शोध मला एकसारखे वाटत नाहीत. चार वर्षांचं मूल हरवण्याचा निर्णय घेत नाही. त्याला कुणीतरी हरवतं. त्याचं नाव शोधणं म्हणजे त्याच्या बाजूने उभं राहणं. आपल्याकडेही हा फरक आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली तर ते पळवलं गेलंय असं धरूनच गुन्हा नोंदवायचा. सज्ञान माणूस हरवला तर फक्त 'मनुष्य मिसिंग'ची नोंद होते, कारण तो स्वखुशीने गेलेला असू शकतो. पोलिसांना तो सापडला आणि म्हणाला मला घरी जायचं नाही, तर त्याला दंडाला धरून आणता येत नाही.

म्हणजे हरवायचाही एक अधिकार आहे. जपानमध्ये अशा लोकांना 'जोहात्सु', वाफ होऊन गेलेले, असं म्हणतात. मला वाटायचं की हे फार रोमँटिक आहे.

दिवाळीत गावी गेले तेव्हा फोल्डर तयार होता. आज्जी पंचाहत्तरची. तिचा आवाज घ्यायचा ठरवलं होतं. दुपारी सोप्यात बसून तिने भुईमुगाच्या शेंगा फोडत बऱ्याच गोष्टी सांगितल्या. धाकटा कसा विहिरीत उड्या मारायचा, त्याला गवार कशी आवडायची नाही, मुंबईहून येताना तो तिच्यासाठी कसा गिरणीच्या कापडाचा तुकडा आणायचा. फोन मध्ये ठेवलेला, लाल ठिपका चालू. मग ती म्हणाली, "आता ते बंद कर."

मी फोन पालथा ठेवला. बंद केला नाही.

"पत्र आलं होतं," आज्जी म्हणाली.

१९८६ चं पोस्टकार्ड. सुरतेहून. ते माहेरी न येता तिच्या सासरच्या पत्त्यावर आलं. आज्जी चौथी शिकलेली, तिने ते स्वतःच वाचलं. मी बरा आहे. इथे लूमवर आहे. संसार केला आहे. आबांना सांगू नको, तिलाही नको. पत्ता नव्हता. आज्जीने ते तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं.

पुढचं मला थोडं माहीत होतं, पण ते असं जोडलेलं माहीत नव्हतं. बारा वर्षं वाट बघून, १९९४ मध्ये, थोरल्या भावाने पालाशविधी केला. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. आज्जी माहेरी गेली. तेराव्याचा स्वयंपाक तिने केला. मामीआजी तेव्हा चौतीस वर्षांची होती.

"तुझ्यासमोर तिचं मंगळसूत्र काढलं?" मी विचारलं.

"मीच काढलं. बाकीच्या बाया हिसडा मारत्यात. मी हळू काढलं."

रेकॉर्डिंगमध्ये इथे बराच वेळ फक्त शेंगा फुटल्याचा आवाज आहे.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आधी राग. बारा वर्षांतली आठ वर्षं आज्जीला माहीत होतं. मामीआजी त्या घरात राबत होती, हरतालिकेला उपास धरत होती, आणि तिकडे सुरतेत नवरा पोरंबाळं वाढवत होता. मी म्हटलं, सांगायला हवं होतंस. आज्जी म्हणाली, "सांगून तिला काय मिळालं असतं गं? नवरा का परत आला असता? मेला म्हटल्यावर जमीन तरी मिळाली."

हे खरं आहे. नंतर कोर्टातून मामाआजोबांना मृत घोषित करून घेतलं गेलं आणि सातबाऱ्यावर मामीआजीचं नाव लागलं. पाऊण एकर. तेवढ्यावर ती आजवर कुणापुढे हात न पसरता जगली.

"पण तिला दुसरं लग्न करता आलं असतं."

"तुमच्यात," आज्जी म्हणाली. म्हणजे तुमच्या पुण्यात.

परत आल्यावर मी कायदा वाचला. जुन्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम १०८. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर तो मेला असं धरता येतं, एवढं आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण शब्द जरा वेगळे आहेत. तो जिवंत असता तर ज्यांना स्वाभाविकपणे त्याची खबर मिळाली असती, अशा लोकांना सात वर्षं खबर मिळालेली नसेल, तर. कोण असतात हे लोक? बायको, आईबाप, भाऊबहीण. म्हणजे आज्जी. कोर्टाने जे गृहीत धरलं ते तिच्या चुलीत जळालेल्या एका पोस्टकार्डावर उभं होतं. मामीआजीचं वैधव्य आणि मामीआजीची जमीन, दोन्ही.

अमेरिकेत पॉलीन बॉस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांचा अभ्यास केला होता. माणूस मेला हेही नक्की नाही, आहे हेही नक्की नाही, अशा दुःखाला त्यांनी एक नाव दिलं. मराठीत 'धूसर वियोग' म्हणता येईल. त्यात शोक सुरूच करता येत नाही. पॉडकास्टवाल्या बायका सतत 'क्लोजर' म्हणतात त्याचा हाच अर्थ असतो. मराठीत त्याला शब्द नाही. छडा आहे, उकल आहे, सोक्षमोक्ष आहे, पण ते सगळे शोधणाऱ्याच्या बाजूचे शब्द आहेत. वाट बघणाऱ्याच्या बाजूचा शब्द बहुधा 'पाणी सोडणं' हा असेल. पालाशविधीने मामीआजीला ते दिलं का? खोट्यावर उभं असलं तरी दिलं का? मी यावर बरेच दिवस अडून आहे. मला असं म्हणावंसं वाटतं की खोट्या आधारावर मिळालेली शांती ही शांती नव्हेच. पण असं म्हणताना माझ्या पोटात पाऊण एकराचं धान्य नसतं.

मामाआजोबांबद्दल मात्र माझं मत झालं आहे. माणसाला निघून जायचा अधिकार असेल. गिरणी बंद, गावात तोंड दाखवायची लाज, सत्तावीस वय. मी तिथे असते तर मीही पळाले असते कदाचित. पण निघून जाणं वेगळं आणि दुसऱ्याला वाट बघत ठेवणं वेगळं. 'मी येणार नाही' एवढं बायकोला कळवायला पंधरा पैसे पुरत होते. त्यांनी ते खर्च केले, पण बहिणीवर. आणि तिलाही सांगितलं की गप्प बस. स्वतःचं ओझं असं पोस्टाने पाठवता येत नाही कुणी.

मग मी शोधायला लागले. तो मोह टाळता आला असता असं मी म्हणणार नाही. फेसबुकवर आडनाव आणि सुरत टाकलं. आडनाव तिकडे दुर्मीळ आहे. एक मुलगा मिळाला, माझ्याच वयाचा, मोटरसायकलला टेकून उभा. नाक आमच्या घरातलं. थोरल्या मामाआजोबांचं, आज्जीचं, थोडंसं माझंही. मी पाऊण तास त्याचे फोटो बघत होते. मग लक्षात आलं की कानांवरून बाप ठरवणाऱ्यांना मी दोन महिन्यांपूर्वी हसले होते.

नाकावर थांबायचं काही कारण नाही, हेही मला माहीत होतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ डीअँजेलो नावाच्या माजी पोलिसाला अटक झाली. १९७० आणि ८० च्या दशकांतले तेरा खून, पन्नासच्या वर बलात्कार. तपास करणाऱ्यांनी गुन्ह्याच्या जागचा डीएनए वंशशोधाच्या एका खुल्या साइटवर टाकला, लांबचे चुलतभाऊ मिळाले, आणि त्यांच्यावरून झाड उतरत उतरत ते त्याच्या दारात आले. त्या चुलतभावांनी काहीच केलं नव्हतं. कुतूहल म्हणून नळीत थुंकले होते फक्त. त्याआधी तपास एका चुकीच्या म्हाताऱ्यापर्यंत गेला होता, ऑरेगनमधल्या. वृद्धाश्रमातल्या त्या माणसाचाही नमुना घेतला गेला. तो निर्दोष निघाला. डीअँजेलोसाठी एवढं केलं हे मला मान्य आहे, कारण समोर तेरा मृत आणि पन्नास जिवंत बायका होत्या, आणि त्यांना उत्तर देणं लागत होतं. सुरतेतल्या मुलाला मेसेज टाकला तर मी कुणाला उत्तर देत असते? त्याला तर प्रश्नच माहीत नाही. त्याच्या आजोबांनी आधीच्या बायकोला जिवंतपणी विधवा केलं, हे मी त्याला मोटरसायकलच्या फोटोखाली सांगायचं का?

आणि तो त्यांचा नातू असला, तर सातबाऱ्यावरच्या पाऊण एकराचा तोही वारस म्हणून उभा राहू शकतो. हेही तेव्हाच सुचलं. सुचलं याची लाज वाटली, पण सुचलं.

महाराष्ट्रातले पोलीस एक शब्द वापरतात. गुन्हा घडलाय हे खरं, पण आरोपी सापडत नाही, अशा वेळी कोर्टात 'अ' समरीचा अहवाल जातो. मग तो गुन्हा 'कायम तपासावर' ठेवला जातो. फाइल कपाटात जाते, पण बंद होत नाही. नवा धागा मिळाला तर परत उघडता येते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो सरकारी विनोद वाटला होता. आता तसं वाटत नाही.

हे लिहिण्याआधी मी आज्जीकडे गेले आणि फोन बंद केला नव्हता हे तिला सांगितलं. ती रागावली नाही. "माझा आवाज हाय त्यात?" म्हणाली. मग म्हणाली लाव. सत्तेचाळीस मिनिटं तिने फोन कानाशी धरून ऐकलं, मध्ये मध्ये मान हलवत, जणू दुसरीच कुणी बाई बोलतेय. संपल्यावर म्हणाली, "लई म्हातारी वाटते गं." आणि नंतर, "लिही. पण गावाचं नाव घालू नको." मी गाव घातलेलं नाही. आणखीही काही गोष्टी बदलल्या आहेत, कोणत्या ते सांगणार नाही. एवढ्याने भागतं का, मला खात्री नाही. मामीआजीच्या पुतण्याकडे स्मार्टफोन आहे. मी मामीआजीला विचारलेलं नाही, आणि विचारायचं म्हणजे सांगणंच आहे.

तसं मी आज्जीला म्हटलंही. की एका बाईची गोष्ट सगळ्यांना सांगायची आणि तिला तेवढी नाही, हे बरोबर नाही.

आज्जी उठली होती, आत जायला. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "तिला ठावं नाही, असं तुला कुणी सांगितलं?"

पुढे काही बोलली नाही. मी दोनदा विचारलं.

सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं पान वाढतात. यंदा मी गावात होते. मामीआजीने पहाटे उठून सगळं एकटीने केलं. वडे, खीर, अळूची भाजी, भोपळा. गेलेल्या माणसाच्या आवडीचंही त्यात काहीतरी करतात. पान घेऊन ती परसात गेली, कावळ्यांना हाक मारली आणि जरा लांब उभी राहिली. मी पानावर काय काय आहे ते बघितलं. मध्यभागी, सगळ्यात जास्त, गवार वाढलेली होती. "दरवर्षी करते," ती म्हणाली आणि हात पुसत आत गेली.